आवाजाची दुसरी बांधणी

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पन्नाशी तोंडावर आली, स्वतःची लेक नोकरीला लागली, तरी भावाच्या तोंडी ती धाकटीच राहिली. ऑफिसात मात्र ती ताई होती, आणि तिथला तिचा मान एका चमत्कारिक कामामुळे होता. ज्या गुंत्याला हात लावायला बाकीचे कचरत, तो फिरून फिरून तिच्याच टेबलावर यायचा.

ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जिन्यात कायम रबराचा आणि पंक्चर काढायच्या सोल्युशनचा वास. पुढच्या खोलीत टेबलं, मधल्या खोलीत चहाची किटली आणि एक बाजू खचलेला सोफा, मागच्या खोलीत दिवसभर घरघरणारी यंत्रं आणि गळक्या एसीखाली ठेवलेली निळी बादली. या खोल्यांत कम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीचं एक डिस्ट्रिब्युशन तयार व्हायचं. म्हणजे नेमकं काय, हे नातेवाइकांना समजावता समजावता धाकटीचं उत्तर पाठ झालं होतं. जगभरचे लोक प्रोग्रॅम लिहून सगळ्यांसाठी मोकळे ठेवतात. आम्ही ते गोळा करतो, आमच्या यंत्रांवर नव्यानं बांधतो, त्यांची पॅकेजं करतो आणि लोकांच्या कम्प्युटरवर सुखरूप पोचवतो. यात अवघड काय, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, अवघड एवढंच की यातलं कोणीच एकटं नांदत नाही. प्रत्येक पॅकेज बांधताना दुसरी चार आधीच बांधून तयार लागतात.

आणि कधीकधी त्या चारांतल्या एकाला उलट हेच पॅकेज आधी लागतं. तिथे गुंता व्हायचा.

त्या वर्षी तो आवाजाच्या बाबतीत झाला. आवाज स्पीकरपर्यंत नेणारं जे ध्वनीचं पॅकेज होतं, त्याची नवी आवृत्ती आली होती, आणि ती बांधायला व्हिडिओचं पॅकेज लागू लागलं होतं. व्हिडिओच्या पॅकेजला लागायचं बोलणारं पॅकेज, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं. आणि बोलणाऱ्या पॅकेजला अर्थातच ध्वनीचं पॅकेज लागायचं, नाहीतर ते बोलणार कशातून? तिघंही दारात उभी आणि तिघंही एकमेकांना म्हणतायत, आधी तुम्ही व्हा पुढे. मागची यंत्रं दोन दिवस लाल खुणा दाखवत बसली होती.

धाकटीला अशी चक्रं तोडायची सवय होती. कुठेतरी एक धागा तात्पुरता सोडायचा, बाकीचं ओवून घ्यायचं आणि मग सोडलेला धागा परत बांधायचा. तिनं बोलणाऱ्या पॅकेजचा धागा सोडला. ते तिनं आधी ध्वनीशिवायच बांधलं. तशा अवस्थेत ते मजकुराचा आवाज तयार करायचं, पण स्पीकरकडे जायची वाटच त्याला नव्हती. एवढ्यावर व्हिडिओचं पॅकेज बांधून झालं, त्याच्यावर ध्वनीचं झालं. आता राहिली बोलणाऱ्याची दुसरी बांधणी, या वेळी ध्वनीसकट. ती तिनं यंत्रांच्या रांगेत लावली आणि दुसऱ्या कामाला लागली.

एक गोष्ट मात्र करायची राहिली. दुसऱ्या बांधणीला आवृत्तीचा नवा आकडा द्यावा लागतो. तो तिनं दिला नाही. यंत्रानं आकडा बघितला, या आकड्याचं पॅकेज आपल्याकडे आधीच आहे असं ठरवलं आणि काहीही न बांधता समोर हिरवी खूण करून टाकली.

नवी आवृत्ती लोकांसाठी सोडण्याची, म्हणजे रिलीजची, जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. ते पूर्वी खरंच शाळेत गणित शिकवायचे आणि प्रश्न विचारताना अजूनही भुवया वर न्यायचे. रिलीजच्या दिवशी दुपारी ते चहाचा कप घेऊन तिच्या टेबलापाशी आले. सकाळपासून त्यांचे प्रश्न चालूच होते आणि धाकटी जरा वैतागलेलीच होती.

"ताई, बोलणारं दुसऱ्यांदा बांधून झालं ना? नीट उघडून बघितलंत?"

तिनं लांबून हिरवी खूण बघितली होती. उघडून काही बघितलं नव्हतं.

"हो, बघितलं," ती म्हणाली.

मास्तर मान डोलावून पुढच्या टेबलाकडे गेले.

रिलीज झाली. पुढच्या काही आठवड्यांत लोकांच्या बारीकसारीक तक्रारी आल्या. कोणाचा प्रिंटर रुसला, कोणाच्या पडद्यावरची अक्षरं लहान झाली. पण ज्या गुंत्याची सगळ्यांनी धास्ती घेतली होती, त्याबद्दल चकार शब्द नाही. मास्तरांनी सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, की आवाजाचं एवढं मोठं प्रकरण, पण एकही तक्रार नाही, ही ताईंची कमाल. धाकटी लाजली. घरी जाताना तिनं सायकलवाल्याशी उगाचच दोन शब्द जास्त बोलून घेतले. आवाजाबद्दल एकही तक्रार का येत नसावी, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही.

तिचा थोरला भाऊ, दादा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. तो पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणारा होता. जमिनीखालच्या नळांचे नकाशे तो इतके सुबक काढायचा की फिटर लोक ते दुमडायला बिचकत. मग काचबिंदूनं हळूहळू त्याचे डोळे खाल्ले. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं, आणि एका हिवाळ्यात त्यानं पेन्सिल टेबलाच्या खणात ठेवून खण लावून टाकला. त्यानंतर वर्षभर तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचा. वहिनी काय वाढेल ते खायचा आणि कोणी भेटायला आलं की माझं काय, बरं आहे, एवढंच म्हणायचा.

त्याला त्या खुर्चीतून उठवलं ते धाकटीनं. तिनं आपलंच डिस्ट्रिब्युशन घातलेला कम्प्युटर आणून दिला, बोलणारं पॅकेज लावून दिलं आणि रविवारमागून रविवार त्याच्याशेजारी बसून त्याला शिकवलं. आधी त्यानं तिला पुष्कळ शिव्या घातल्या. त्या यांत्रिक बायकी आवाजाला तो मावशी म्हणायचा, कारण त्यांची एक मावशी अशीच श्वास न घेता बोलायची. पण शिकला. इतका शिकला की एका दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आपल्या तपासण्यांचे अहवाल बोलून पाठवायच्या आणि दादा ते टाइप करून द्यायचा. एका कानात डॉक्टरबाई, दुसऱ्या कानात मावशी. दोन बायकांमध्ये बसून कमावतोय, असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि वहिनी आतून म्हणायची, तिसरी इथे स्वयंपाक करतेय तिचंही नाव घ्या. कम्प्युटरचं अपडेटही तो स्वतःच घालायचा. त्याचा त्याला फार अभिमान होता. धाकटीचा माल आला, असं म्हणून हात चोळत बसायचा.

रिलीजनंतर धाकटीचं भावाकडे जाणं लांबत गेलं. अखेर एका रविवारी ती गेली, तर दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला होता. मांडीवर रेडिओ, बंद. कम्प्युटरच्या टेबलावर जुनी चादर टाकलेली, आणि चादरीवर वाळलेल्या कपड्यांची चळत.

"कसा आहेस?" तिनं विचारलं.

"माझं काय, बरं आहे," दादा म्हणाला.

ती स्वयंपाकघरात गेली. वहिनी भांडी पुसत होती. तिनं आधी दार लोटून घेतलं, मग हळू आवाजात सगळं सांगितलं. एका सकाळी त्यांनी अपडेट घातलं, कम्प्युटर बंद करून परत सुरू केला, आणि मावशी बोलेचना. पुष्कळ खटपट केली. शेजारच्यांना बोलावलं, त्यांनी त्याच कम्प्युटरवर गाणं लावलं तर गाणं खणखणीत वाजलं. म्हणजे स्पीकर ठीक होता. मग यांनी ठरवलं की अपडेटच्या वेळी आपणच काहीतरी भलतं दाबलं. दवाखान्याचं एक काम अंगावर होतं, ते त्यांनी अंदाजानंच टाइप करून पाठवलं. बोटं कळफलकावर एका बटणानं सरकली होती. अख्खा अहवाल निरर्थक अक्षरांचा गेला. तिथल्या कोणीतरी फोन करून विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना? त्यानंतर यांनीच डॉक्टरबाईंना कळवलं की आता मला जमत नाही, दुसरं कोणी बघा.

धाकटीनं विचारलं, मला का नाही कळवलंत. वहिनी म्हणाली, त्यांनी शपथ घातली होती. एवढं शिकवलं तिनं, आणि मी बिघडवून ठेवलं हे कोणत्या तोंडानं सांगू, असं म्हणाले.

मग वहिनीनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आणि एक सांगते. त्या सकाळी आवाज बंद झाला ना, तेव्हा त्यांना आधी कम्प्युटर बिघडला असं वाटलंच नाही. मी इथेच होते, गॅस बंद होता, सगळं शांत होतं. त्यांनी आतून हाक मारली आणि म्हणाले, काहीतरी बोल. मी म्हटलं, काय बोलू? तर रडायलाच लागले. त्यांना वाटलं, आता कानही गेले."

धाकटी बाहेर आली, टेबलावरचे कपडे तिनं उचलून पलंगावर ठेवले आणि चादर काढली. दादानं तो आवाज ऐकला आणि राहू दे गं, म्हणाला. तिनं कम्प्युटर सुरू केला. पडद्यावर सगळं जिथल्या तिथे होतं. बोलणारं पॅकेज सुरू होतं आणि त्याच्या लेखी ते बोलतही होतं. एकही चूक दाखवत नव्हतं. तिनं पॅकेजचा आकडा बघितला आणि कधी बांधलं ती तारीख बघितली. ही पहिली बांधणी होती. दुसरी झालेलीच नव्हती.

तिनं पिशवीतून आपला लॅपटॉप काढला, तिथूनच ऑफिसच्या यंत्राला जोडून घेतलं, नवा आकडा दिला आणि बांधणी लावली. या वेळी खूण हिरवी झाल्यावर तिनं पॅकेज उघडून बघितलं. मध्ये वहिनीनं जेवायला बसवलं. दादासमोर बसून तिनं घास कसेबसे गिळले. तो तिच्या लेकीची चौकशी करत होता आणि ती काहीतरी उत्तरं देत होती. जेवणानंतर तिनं नवं पॅकेज त्याच्या कम्प्युटरवर घातलं आणि मावशी एका दमात पडद्यावरचं सगळं वाचायला लागली.

दादा खुर्चीतून उठला. खुर्चीच्या पाठीला धरून तो नुसता ऐकत राहिला. वहिनीनं पदराचं टोक डोळ्याला लावलं.

"काय बिघडवलं होतं गं मी?" दादानं विचारलं.

सांगायचं असेल तर हीच वेळ होती. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण वहिनी तिच्याकडे इतक्या कौतुकानं बघत होती, आणि दादानं चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

"विशेष काही नाही," ती म्हणाली. "बारीकसं होतं. झालं आता."

"तू होतीस म्हणून," दादा म्हणाला.

बसमध्ये ती पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि आपला थांबा चुकून पुढे गेली. पहिली चूक चूकच होती, तिची तिला लाज वाटत होती, पण कामात चुका होतात. दादाला दिलेलं उत्तर मात्र तिनं जाणूनबुजून दिलं होतं. बारीकसं होतं, असं ती म्हणाली होती. तू काही बिघडवलं नाहीस, असं म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं दुरुस्त पॅकेज सगळ्यांसाठी सोडलं आणि सोबतच्या टिपेत नुसतं लिहिलं, पुन्हा बांधले. मास्तरांनी ते वाचलं असेल, पण विचारलं काही नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं, आणि विचारलं नाही म्हणून हायसंही वाटलं, आणि हायसं वाटल्याचाच जास्त राग आला. एकही तक्रार नाही, हे मास्तरांचे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. तक्रार करणार कोण? ज्यांचा कम्प्युटर मुका झाला, त्यांना तक्रार लिहायला तोच एक कम्प्युटर होता. असे किती जण कुठल्या कुठल्या खोल्यांत आपलीच चूक समजून बसले असतील, याचा तिला अंदाज करवेना.

दादाला आवाज मिळाला, पण तो कामाला लागला नाही. उलट त्याचे फोन सुरू झाले. कम्प्युटर विचारतोय, फाइल ठेवू का, तर हो म्हणू ना? एक खिडकी उघडीय, ती बंद केली तर चालेल ना? ज्या गोष्टी तो पूर्वी शीळ घालत करायचा, त्यांतल्या प्रत्येकीला आता परवानगी मागत होता. अपडेटला तर त्यानं हातच लावायचं सोडलं. तू आलीस की तूच घाल, म्हणाला. डॉक्टरबाईंनी आपण होऊन फोन केला, की काका, परत सुरू करा, तर त्यानं नको सांगितलं. हे वहिनीनं कळवलं. आणि जरा घुटमळून ती म्हणाली, की सकाळचा चहा ते स्वतः करायचे ना, तोही आता करत नाहीत. मला हाक मारतात. म्हणतात, माझ्या हातांचा काही भरवसा नाही.

फोन ठेवल्यावर धाकटी मागच्या खोलीत गेली. बादली भरत आली होती, ती तिनं रिकामी करून आणली आणि जागेवर ठेवली. मग मास्तरांना मधल्या खोलीत बोलावून, खचलेल्या सोफ्यावर बसवून, सगळं सांगितलं. रिलीजच्या दुपारी त्यांनी काय विचारलं होतं, तिनं काय उत्तर दिलं होतं, आणि नंतर पुन्हा बांधले एवढंच का लिहिलं. मास्तरांच्या भुवया वर गेल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग ते म्हणाले, की उघडून बघायला मलाही हात होते, मी तुमच्या शब्दावर गेलो. पण हे सगळ्यांना कळलं पाहिजे ताई, आणि तुम्हीच कळवलं पाहिजे. धाकटी म्हणाली, कळवते, पण आधी भावाला सांगू द्या. माझ्याकडून कळायच्या आधी त्याला कम्प्युटरनं ते वाचून दाखवायला नको.

ती त्याच संध्याकाळी गेली. दादा खुर्चीत होता, वहिनी शेजारी कपड्यांच्या घड्या करत होती. धाकटी बसली नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. चक्र काय होतं, तिनं कुठे तोडलं, काय परत बांधायचं राहिलं, मास्तरांना काय खोटं सांगितलं. दादाला नळांच्या जोडण्यांची सवय होती, त्याला सगळं समजलं. वहिनीचे हात घडीवरच थांबले.

"त्या रविवारी तू इथे बसली होतीस," दादा म्हणाला. "जेवलीस. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"मी तुला विचारलं, मी काय बिघडवलं."

"हो."

"तेव्हाही माहीत होतं."

"हो, दादा."

दादानं मान खाली घातली. दोन्ही तळवे त्यानं गुडघ्यांवर उताणे ठेवले होते, दुसऱ्या कोणाचे तरी असल्यासारखे.

"पॅकेज राहिलं ते राहिलं," तो म्हणाला. "माणूस विसरतो. मी एकदा अख्ख्या गल्लीचा व्हॉल्व्ह नकाशात दाखवायचा विसरलो होतो. पण मी इथे बसून रोज स्वतःला म्हणत होतो, तू आता कशाला लायक नाहीस. रोज. आणि तुला एका वाक्यात ते थांबवता येत होतं."

धाकटीनं माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण त्यानं हात वर केला.

"आज घरी जा."

वहिनी एरवी तिला लिफ्टपर्यंत सोडायला यायची आणि लिफ्ट येईपर्यंत गप्पा मारायची. त्या दिवशी ती जागची उठली नाही. दार धाकटीनं स्वतःच ओढून घेतलं.

घरी येऊन तिनं डिस्ट्रिब्युशन वापरणाऱ्या सगळ्यांसाठी निवेदन लिहिलं. पहिल्या खर्ड्यात तांत्रिक कारणामुळे असे शब्द आले होते, ते तिनं खोडले. मी दुसरी बांधणी झाली की नाही हे न बघता झाली असं सांगितलं, असं लिहिलं. ज्यांचा कम्प्युटर गप्प झाला त्यांनी काहीही चूक केलेली नव्हती, हे वाक्य तिनं सुरुवातीलाच घातलं. आणि ते ज्यांना पोचायला हवं त्यांना पोचणार नाही हे ओळखून, वाचणाऱ्यांना विनंती केली, की तुमच्या घरात, ओळखीत कोणी असेल तर त्यांना प्रत्यक्ष जाऊन सांगा.

उत्तरं यायला लागली. काहींनी झोडपलं, ते तिनं निमूट वाचलं. एका शाळेनं कळवलं की त्यांनी मुलांचे सगळे कम्प्युटर केव्हाच दुसऱ्या प्रणालीवर नेले, आता परत येणं नाही. एका बाईनं लिहिलं, की माझ्या वडिलांना वाटलं हे यंत्र आता जुनं झालं, त्यांनी ते देऊन टाकलं. तुमचं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं, तर त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. धाकटीनं तिला स्वतःचा नंबर कळवला आणि वडील पुन्हा यंत्र घेतील तेव्हा मी येऊन लावून देईन, असं लिहिलं. फोन आला नाही.

दादाचाही आला नाही. रविवार आले आणि गेले. तिची लेक मामाकडे जाऊन यायची, मामा बरा आहे म्हणायची, आणि आईकडे न बघता आपल्या खोलीत जायची. एकदा तिनं सांगितलं, की मामा सकाळचा चहा पुन्हा स्वतः करायला लागलाय. धाकटीनं ओट्यावरचं पुसलेलंच पुन्हा पुसलं.

मग एका सकाळी ऑफिसात मास्तर तिच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, तुमच्या बंधूंचा फोन होता. दादानं तिला नाही, मास्तरांना फोन केला होता. नमस्कार वगैरे करून त्यानं विचारलं होतं, की रिलीजच्या आधी बोलणारं पॅकेज कोण ऐकून बघतं? मास्तरांनी खरं सांगितलं, की कोणीच नाही, खुणा हिरव्या आहेत एवढंच बघतात. तर दादा म्हणाला, मग यापुढे माझ्याकडे पाठवत जा. मी ऐकून सांगेन, आणि मी हो म्हटल्याशिवाय सोडू नका. मास्तरांनी ते मान्य केलं होतं. आता सवाल एवढाच होता, की कच्चं, म्हणजे अजून सगळ्यांसाठी न सोडलेलं पॅकेज त्यांच्या कम्प्युटरवर पहिल्यांदा घालायला कोणीतरी जायला हवं.

"त्यांनी कोणाला पाठवायला सांगितलं?" धाकटीनं विचारलं.

"त्यांनी काही सांगितलं नाही," मास्तर म्हणाले. "मी विचारलं, ताईंना पाठवू का? तर म्हणाले, पाठवा."

ती गेली. दार वहिनीनं उघडलं, ये म्हणाली आणि आत गेली. दादा टेबलापाशी बसला होता. डॉक्टरबाईंचं काम दुसऱ्या कोणाला देऊन झालं होतं, ते काही त्याला परत मिळालं नाही. पण त्यांच्या ओळखीतल्या एका दंतवैद्याचं थोडंसं काम सुरू झालं होतं. हे त्यानं तिला तोंड न वळवता, कोरड्या आवाजात सांगितलं. धाकटी शेजारची खुर्ची ओढायला लागली, तसा तो म्हणाला, "तिकडे बस. पलंगावर."

ती पलंगावर बसली.

"सांग. काय काय टाइप करायचं ते. बाकी मी बघतो."

तिनं सांगितलं. त्यानं टाइप केलं. एके ठिकाणी त्याचं अक्षर चुकलं आणि तिचा हात आपोआप पुढे गेला, तो तिनं मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवला. दादाला चूक कानावरून कळली होती. त्यानं ती खोडली, नीट लिहिलं. कम्प्युटरनं विचारलं, पुढे जायचं का? दादाचं बोट कळीवर थांबलं. पण त्यानं तिला काही विचारलं नाही. कळ दाबली.

पॅकेज उतरायला लागलं. जोडणी संथ होती. आता दोघांनाही करण्यासारखं काही नव्हतं आणि बोलण्यासारखं पुष्कळ होतं. आतून कपबशांचा आवाज आला. दादानं कान तिकडे वळवला आणि मग वहिनीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, की धाकटीला साखर कमी लागते.